मर्चिसनची ऑफर घ्यावी का?

एम.एस्सी. जिऑलॉजी झालंय, घर विट्याचं, वडिलांचं गलाईचं (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं) दुकान, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात मर्चिसन भागात सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीची ऑफर हातात आहे. जाऊ का, असं विचारलंयस. मी खानापूरचाच, इथं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावात याच कामात आहे. माझं मत, ये. पण सही करण्याआधी कंपनीचा खिसा तपास.

भागाबद्दल शंका नको. तिथं १८९०च्या दशकात सोनं सापडलं, खाणींचे जुने शाफ्ट (उभे खोल खड्डे) जागोजागी आहेत, म्हणून सगळं काढून झालं असं वाटतं. पण तेव्हाच्या लोकांनी उघड्यावर दिसणारी क्वार्ट्झची शीर धरली आणि परवडलं तेवढंच खणलं. पुढं १९३४ ते १९७१ सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ अमेरिकी डॉलरच राहिला. खोल शोधायला पैसा कोण घालणार? वाहून आलेल्या मातीखालचा खडक तर अजूनही बऱ्याच ठिकाणी कुणी नीट तपासलेला नाही.

काम मात्र धुळीचं आणि नेटकेपणाचं. आरसी रिगमधून, म्हणजे खडकात होल पाडणाऱ्या यंत्रातून, दर मीटरचा चुरा बाहेर येतो. दोन-तीन किलो कापडी पिशवीत लॅबसाठी जातो, मूठभर चाळून धुवून चिप ट्रेच्या (नमुने ठेवायच्या खणांच्या डबीच्या) खणात. टनामागं २-३ ग्रॅम सोनं असलं तरी डोळ्यांना काही दिसत नाही. त्यामुळं पिशवीचा नंबर एकानं जरी चुकला तरी सोन्याची जागा नकाशावर सरकते आणि पुढचं होल भलतीकडं पडतं. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पाऱ्यात हे दिवसभर करायचं असतं.

इथं तुझं घर कामाला येईल. लॅबमधल्या फायर अ‍ॅसेमध्ये, म्हणजे नमुना वितळवून त्यातलं सोनं मोजायच्या पद्धतीत, मूस, टाकणखार, भट्टी हेच असतं. शिसं सोनं-चांदी गोळा करतं, कपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत शिसं शोषलं जातं, मागं बारीक मणी उरतो, मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये चांदी विरघळवून सोनं तोलतात. मुलाखतीत हे जरूर सांग, लाजू नकोस.

तुझ्याकडं कमी आहे ती इथल्या खडकाच्या ओळखीची. आपल्याकडं सगळा बेसाल्ट; इथलं सोनं सुमारे २७० कोटी वर्षांच्या ग्रीनस्टोन (रूपांतरित झालेल्या जुन्या ज्वालामुखी खडकांच्या) पट्ट्यांत. येण्याआधी रायचूरकडं हट्टीच्या सोन्याच्या खाणीला जा, तसलाच खडक हाताळायला मिळेल. गिअरची गाडी चालवता आलीच पाहिजे.

आता पैशाचं. छोट्या कंपनीचं उत्पन्न शून्य, शेअर विकून ड्रिलिंग चालतं. शेअर बाजारात नोंद असेल तर तिचा तिमाही रोकड अहवाल सगळ्यांना खुला असतो. शिल्लक रक्कम आणखी किती तिमाही पुरेल, हे त्यात लिहिलेलं असतं. दोनपेक्षा कमी असेल तर पुढचं भांडवल कुठून येणार ते सरळ विचार. व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर असेल तर नोकरी गेल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला मुदत मिळते, पण दुसरं काम मिळेपर्यंत पगार नसतो आणि पर्थचं घरभाडं जबर आहे. तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच विमानाचं तिकीट काढ.