सत्तेचाळिसाव्या वर्षी क्रिमिनॉलॉजी, आणि माफ करावंच लागेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, वय ४७, २० वर्षं अकाउंट्सचं काम केलंय. काही वर्षांपूर्वी घरी चोरी झाली, एक मुलगा पकडला गेला, शिक्षाही झाली, पण त्या सगळ्यात मला कुणी काहीच विचारलं नाही. तेव्हापासून वाचत गेले आणि आता क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीचा अभ्यास) आणि रिस्टोरेटिव्ह जस्टिस (शिक्षेपेक्षा नुकसान भरून काढण्यावर भर देणारा न्याय) यांचा कोर्स करावासा वाटतोय. पण या वयात झेपेल का? आणि त्या मुलाला माफ न करता मी हा विषय शिकू शकते का?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेते कारण खरी अडचण तीच दिसतेय. माफी ही अट नाहीच. रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणजे गळाभेट घालून देणं असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण तिथले प्रश्न वेगळे आहेत, नुकसान कुणाचं झालं, त्यांना आता काय हवंय आणि ते भरून द्यायची जबाबदारी कुणाची. गुन्हा सोसणारा आणि करणारा यांची भेट होते तीसुद्धा दोघांची तयारी असेल तरच, आणि त्याआधी फॅसिलिटेटर, म्हणजे भेट घडवून आणणारा मध्यस्थ, दोघांशी वेगवेगळं बोलून घेतो, कधी कधी अनेकदा. तुम्ही नाही म्हणालात तर विषय तिथेच संपतो, कुणी गळ घालायची नाही.

"मला कुणी विचारलं नाही" हे वाचून मला निल्स क्रिस्टी आठवले. नॉर्वेचे हे क्रिमिनॉलॉजिस्ट १९७७ मध्ये म्हणाले की भांडण हे ज्यांचं आहे त्यांच्या मालकीचं असतं, आणि वकील नि सरकार मिळून ते त्यांच्याकडून काढून घेतात. म्हणजे तुम्ही जे घरात बसून सोसलंत त्यावर या विषयाचा अख्खा एक विचार उभा आहे. मला वाटतं, पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे वर्गातल्या विशीतल्या मुलांपेक्षा जास्त काहीतरी असेल.

एक गोष्ट सांगते, कोर्समध्ये ती भेटणारच. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, तर मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन ऑफिसरने (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) जजना सुचवलं की यांना त्या लोकांच्या दारात जाऊ द्या. पोरं खरंच दारोदार गेली, ऐकून घेतलं आणि नुकसानीचे पैसे भरले. पुढे १९८९ मध्ये न्यूझीलंडने अल्पवयीन मुलांसाठी कायद्यातच फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स आणली, म्हणजे मुलगा, त्याचं कुटुंब आणि नुकसान झालेले लोक एकत्र बसून पुढचं ठरवतात, त्यात तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या विचाराचा मोठा हात आहे.

आता झेपण्याचं. थिअरी पहिल्यांदा जड जाते, लेख दोनदा तीनदा वाचावे लागतात, ते विशीतही लागतातच. पण आकड्यांना बाकीचे घाबरतात तिथे तुम्ही निवांत असाल. पोलिसांच्या आकड्यात फक्त नोंदवलेले गुन्हे येतात, न नोंदवलेल्यांना डार्क फिगर म्हणतात, आणि हिशेबात काय लिहिलंच गेलं नाही हे शोधणं तुम्ही २० वर्षं केलंय की!

काळजी एकाच गोष्टीची वाटते. चोरीवरचं लेक्चर असेल त्या दिवशी जुनं सगळं वर येईल, तर शिकवणाऱ्यांना आधीच कानावर घालून ठेवा आणि गरज पडली तर वर्गाबाहेर या. स्वतःची केस पहिल्याच असाइनमेंटला घेऊ नका, एखादं वर्ष दुसऱ्यांच्या केसेस वाचा. त्या मुलाला विचारायचे प्रश्न मात्र आजच एका वहीत लिहून ठेवा, तो कधी समोर येवो न येवो.