‘सिको’ अमेरिकेवर आहे, मग इंदूरच्या माणसाने तो का पाहावा?

जरूर पाहा. मायकेल मूरचा हा २००७चा माहितीपट आरोग्य-विमा नसलेल्यांपेक्षा विमा असलेल्यांबद्दल जास्त बोलतो. हप्ते वेळेवर भरले, आणि दुखणं आल्यावर कंपनीने जुना आजार शोधून दावा फेटाळला! २०१०च्या कायद्याने तिथे जुन्या आजारावरून विमा नाकारायला बंदी आली.

मूर ब्रिटन, कॅनडातल्या सरकारी आरोग्यसेवेचं कौतुक करतो, पण तिथल्या उपचारांच्या प्रतीक्षायाद्यांना फारसा हात लावत नाही, हे मला खटकतं.

पण आपल्या रामबागेतल्या आजी-आजोबांचाच विचार करा. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयात भरती झाल्याचा खर्च मिळतो. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या मात्र त्यात नाहीत. मेडिक्लेम असेल तर त्यातली प्रतीक्षा-मुदतीची, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च सुरुवातीला किती काळ मिळणार नाही याची, कलमं आजच वाचा.