इंग्लंडच्या क्रिकेटपटू ईनिड बेकवेल यांची सरासरी इतकी चांगली, मग कसोटी सामने फक्त १२ का?

त्या काळी महिलांच्या कसोटी मालिकाच क्वचित होत, म्हणून. संघातलं त्यांचं स्थान डळमळीत होतं असं नाही. हिशेब सोपा आहे: १९६८-६९ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात ६, मग थेट १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मायदेशी ३ आणि १९७९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध ३. एवढ्यात त्यांनी ५९.८८ च्या सरासरीने १०७८ धावा केल्या आणि डावखुऱ्या फिरकीवर १६.६२ च्या सरासरीने ५० बळी घेतले. फलंदाजी मात्र उजव्या हाताने, तीही सलामीला. पदार्पणातच, ॲडलेडला, शतक. शेवटची कसोटी १९७९ ची, एजबॅस्टनची, आणि ती तर थक्क करणारी: पहिल्या डावात ६८, दुसऱ्या डावात संघाच्या १६४ पैकी नाबाद ११२, शिवाय सामन्यात ७५ धावांत १० बळी. डाव सुरू करून शेवटपर्यंत नाबाद राहणं आणि दहा बळी, हे दोन्ही एकाच खेळाडूने एकाच सामन्यात केलं! १९७३ च्या पहिल्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यातलं ११८ हेही विसरू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यांचे 'काउंटी'चे (इंग्लंडमधल्या जिल्हावार संघांच्या स्पर्धांचे) आकडे आजच्या खेळाडूंशी ताडून पाहू नका. महिलांची काउंटी चॅम्पियनशिप १९९७ मध्ये सुरू झाली. त्याआधी स्पर्धा विभागीय संघांत होत आणि बेकवेल ईस्ट मिडलंड्स व सरेकडून खेळल्या.