'काळजी घे' चालतं, मग 'चिंता घे' का नाही?

प्रश्न असा आहे: काळजी आणि चिंता समानार्थी असतील, तर 'आजीची काळजी घे' म्हणतो तसं 'आजीची चिंता घे' का म्हणत नाही? आणि काळजीला आणखी शब्द कोणते?

समानार्थी आहेत, पण अर्धेच. काळजीत दोन गोष्टी एकत्र नांदतात: जिवाला लागलेला घोर आणि हातून होणारी जपणूक. चिंतेत फक्त घोर. करोनाच्या दिवसांत जो तो सांगत होता, 'काळजी करू नका, काळजी घ्या.' नाम तेच, क्रियापद बदललं की अर्थ फिरला. 'काळजीवाहू सरकार' यातही सांभाळण्याचाच अर्थ. ते सरकार चिंतेत असतं की नाही, हा भाग वेगळा.

काळजीचं नातं काळजाशी लावतात. काळीज म्हणजे मुळात यकृत. अमरकोशात यकृताला 'कालखंड' म्हटलं आहे. बोलताना आपण ते छातीत डावीकडे नेऊन ठेवलं, पण मटणाच्या दुकानात 'पाव किलो कलेजी' मागितली की अजून यकृतच मिळतं.

चिंता मात्र डोक्यातली. तिचा मूळ अर्थ नुसता विचार. 'अभीष्टचिंतन' आणि 'शुभचिंतक' यांत तो टिकून आहे. गंमत म्हणजे अरबीतून आलेली फिकीरही मुळात विचारच. फार विचार केला की काय होतं, हे दोन्ही भाषांना ठाऊक होतं म्हणायचं.

फरक तपासायचा तर शब्द नकारार्थी करून पाहा. निश्चिंत माणसाचा हेवा वाटतो, बेफिकीर माणूस सिनेमात नायक होतो आणि निष्काळजी माणसावर गुन्हा दाखल होतो!

बाकीच्यांत 'विवंचना' मला फार नेमका वाटतो. फी भरायची आहे, पगाराला दहा दिवस आहेत, कसं जमवायचं, ही विवंचना. धास्तीत भीती जास्त. पर्वा आणि तमा बहुधा नकारातच शोभतात: 'पावसाची पर्वा केली नाही', 'जिवाची तमा न बाळगता'.

निरोप घेताना 'काळजी घे' म्हणणं अलीकडचं, इंग्रजीच्या वळणाचं. आमची आजी 'जपून जा' म्हणायची. पत्राच्या शेवटी मात्र 'आम्ही सर्व खुशाल, काळजी नसावी' असे. तिथे कुणी 'चिंता नसावी' लिहिलं तरी अडत नसे, कारण त्या जागी नुसता घोरच अभिप्रेत असतो.