टिरेटा बाजारला जायचं तर रविवारी पहाटे

तुमचा प्रश्न असा आहे: कोलकात्यात तीन दिवस आहात, चायनाटाउनमध्ये रस्त्यावरचं खायचंय, त्यासाठी शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलीय, आणि सोबतच्या सासूबाई शाकाहारी आहेत. फक्त त्या संध्याकाळीवर भागणार नाही. कोलकात्यात चायनाटाउन दोन आहेत. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळचा टिरेटा बाजार हे जुनं, तिथे पहाटेचा नाश्ता मिळतो. शहराच्या पूर्वेला टांगरा, तिथे रात्रीचं जेवण. संध्याकाळी टिरेट्याला गेलात तर बंद दुकानं बघून परत याल.

टिरेट्यासाठी रविवारच धरा, त्या दिवशी विक्रेते जास्त असतात. सहाच्या सुमाराला पोहोचा, आठ वाजले की आवराआवर सुरू होते. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून टॅक्सी करा आणि बाजाराशेजारची ‘पोद्दार कोर्ट’ ही इमारत सांगा. हावड्याच्या बाजूला उतरला असाल तर पूल ओलांडला की फार लांब नाही.

तिथे हॉटेल शोधत बसू नका. भाजीवाले आणि मासेवाले बसतात त्यांच्याच शेजारी, रस्त्याच्या कडेला टेबलं मांडलेली असतात. त्यांवर मोदकपात्रासारखे उंच ॲल्युमिनियमचे डबे. झाकण उचललं की वाफेचा लोट निवेपर्यंत आत काय आहे ते दिसतच नाही. मग थरावर थर लावलेले मोमो, शुमाई (वरून उघड्या तोंडाचे मोमोच म्हणा) आणि मुठीएवढे पांढरे पाव दिसतात. हे पाव म्हणजे बाओ. आत पोर्क किंवा चिकनचं सारण, कधी चव किंचित गोडसर. पण माझं मत विचाराल तर पहिला वाडगा फिशबॉल सूपचा घ्या. पाण्यासारखं नितळ सूप, त्यात माशाचे पांढरे, दाताखाली किंचित रबरी लागणारे गोळे आणि वर चिरलेला हिरवा पाला. मसाला जवळजवळ नाहीच. आपल्या गाडीवरच्या लालभडक चायनीजची सवय असलेल्याला पहिला घोट मिळमिळीत वाटतो. सॉस लगेच ओतू नका, दोन-तीन घोट तसेच घ्या. त्यानंतर माशाची चव कळायला लागते.

घेण्याआधी कशाचं आहे ते विचारा, कारण पोर्क बरंच असतं. खरं सांगायचं तर सासूबाईंसाठी तिथे फारसं काही नाही. तीळ लावलेले गोड गोळे मिळतात, पण तळणीचं तेल कोणतं ते विचारून घ्या. त्यापेक्षा जवळपास हिंगाची कचोरी आणि चहा मिळतो, तो त्यांना नक्की आवडेल.

आता विक्रेत्यांमध्ये चिनी कुटुंबं मोजकी उरली आहेत, बाकी इतर लोक आहेत. त्यामागे इतिहास आहे. अठराव्या शतकात आचिऊ नावाचा चिनी व्यापारी कोलकात्याजवळच्या बजबज गावाशेजारी साखर कारखाना काढून राहिला, तो राहिला त्या जागेला त्याच्यावरूनच आचिपूर म्हणतात. पुढे सुतार, चांभार, दंतवैद्य असे चिनी लोक शहरात स्थिरावले. 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत डांबलं गेलं. त्यानंतर कितीतरी कुटुंबं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: टेबलामागे एखादी चिनी आजी किंवा काका दिसले तर आधी त्यांच्याकडे खा, आणि विचारल्याशिवाय त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका.

नाश्ता झाल्यावर तिथली चिनी देवळं बघा, त्यांना तिकडे ‘चर्च’ म्हणतात. सी इप आणि तुंग ऑन ही दोन चालत जाण्यासारखी आहेत. तुंग ऑनच्या तळमजल्यावर एकेकाळी नानकिंग हे नावाजलेलं रेस्टॉरंट होतं.

शनिवारची संध्याकाळ टांगऱ्याला द्या. इथे हक्का या चिनी समाजाच्या लोकांच्या कातडी कमावण्याच्या टॅनऱ्या होत्या. प्रदूषणामुळे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली त्या शहराबाहेर बानतल्याला हलवायला सांगितलं, आणि बऱ्याच आवारांत रेस्टॉरंटं उभी राहिली. बीजिंग, किम लिंग, गोल्डन जॉय ही नावं कोणीही सांगेल. चिली चिकन, गोल्डन फ्राइड प्रॉन्स, हक्का नूडल्स मागवा. एक प्लेट दोघांना सहज पुरते, म्हणून सुरुवातीलाच चार-पाच पदार्थ सांगू नका. इथे शाकाहारी बरंच मिळतं, सासूबाईंची सोय होईल. फक्त ऑयस्टर किंवा फिश सॉस घालू नका असं स्पष्ट सांगा. उजेड असताना पोहोचलात तर चिनी कालीबाडी बघा, तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात.

टांगऱ्याची चव मात्र तुम्हाला ओळखीची वाटेल. 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा बनवणारे म्हणून ओळखले जाणारे नेल्सन वँग मूळचे कोलकात्याचेच.

जाताना सुटे पैसे ठेवा. परतीच्या सामानात पाऊ चाँग या कोलकात्याच्या चिनी सॉस कंपनीचा हिरवा चिली सॉस घ्या, फक्त बाटली चेक-इनच्या बॅगेत टाका.