नववा रेडिएटर लावायचा तर बॉयलर बदलायलाच हवा का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, घर १९३० च्या सुमाराचं आहे. डिसेंबरात आईबाबा पुण्याहून येतायत, त्यांना जिना चढायला नको म्हणून खालची मागची खोली देणार आहोत पण तिथे रेडिएटरच (भिंतीवरचा, गरम पाण्याने खोली तापवणारा) नाहीये. बॉयलर २४ किलोवॅटचा कॉम्बी, म्हणजे रेडिएटर आणि नळ दोन्हींचं पाणी तापवणारा, रेडिएटर ८. एक प्लंबर म्हणाला नववा लावायचा तर बॉयलर मोठा घ्यावा लागेल. खरंच का हो?

उत्तर: नाही, बहुतेक नाही लागणार. कॉम्बीचे २४ किलोवॅट असतात ते मुळात नळाच्या गरम पाण्यासाठी, मिनिटाला साधारण १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर तेवढी ताकद लागते, तुमचे आठही रेडिएटर मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास खात असतील. त्यामुळे नवा बॉयलर घ्यायच्या आधी पाइप बघा. १५ मिमीच्या तांब्याच्या पाइपातून अंदाजे ६ किलोवॅट उष्णता आरामात जाते, पण जुन्या घरांत कधी कधी ८ किंवा १० मिमीचे बारीक पाइप असतात आणि तशा पाइपाच्या शेवटच्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून नवा रेडिएटर लावला की तो कोमटच राहतो, मग दोष बॉयलरला. जोडणी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या अशा दोन्ही पाइपांना हवी.

आता साइझ, इथेच लोक फसतात. कॅटलॉगमधला आकडा रेडिएटरमधलं पाणी सरासरी ७० अंश आणि खोली २० अंश धरून दिलेला असतो. गॅस वाचावा म्हणून तुम्ही बॉयलर ५५ वर ठेवत असाल (आणि ठेवावाच, कंडेन्सिंग बॉयलरचा, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरचा, फायदा परतीचं पाणी ५४-५५ अंशांच्या खाली असतानाच मिळतो) तर तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. म्हणजे खोलीला १.२ किलोवॅट लागत असेल तर कॅटलॉगमधला २.४ वाला घ्या. थोडा मोठा झाला तर काही बिघडत नाही, वयस्कर माणसं तिथे झोपणार आहेत.

अजून एक, थर्मोस्टॅट हॉलमध्ये असेल तर हॉल गरम झाला की बॉयलर बंद आणि मागची खोली गारच. म्हणून काम झाल्यावर बॅलन्सिंग करून घ्याच, म्हणजे बॉयलरजवळच्या रेडिएटरचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह (टोपणाखालचे, पाण्याचा प्रवाह ठरवणारे) थोडे आवळायचे, पाणी लांबपर्यंत पोचतं. सिस्टिम रिकामी केली असेल तर इनहिबिटर (पाण्यात घालायचं गंजरोधक रसायन) परत घालायला सांगा नाहीतर आतून गंज धरतो, रेडिएटरमधली हवा काढा, आणि गार असताना बॉयलरवरचं प्रेशर १ ते १.५ बार आहे ना ते बघा.

रेडिएटरचे पाइप कुठलाही चांगला प्लंबर जोडेल, पण गॅसच्या पाइपाला किंवा बॉयलरच्या आत हात लावायचा असेल तर गॅस सेफ रजिस्टरवरचाच (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची अधिकृत यादी) माणूस, त्याचं कार्ड मागून बघा. आणि हे नोव्हेंबरच्या आधी उरका, थंडी पडली की प्लंबर मिळत नाहीत.