चहा पिलात म्हणून सही करावी लागत नाही

हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे ते टाइमशेअर, एकदा मोठी रक्कम भरायची आणि मग दरवर्षी कंपनीच्या रिसॉर्टात ठरलेल्या रात्री राहायचं, त्याच्याबद्दल सध्या लई जण विचारायलेत. सुट्ट्या लागायच्या आधी हे फोन वाढतातच, म्हणून आज त्याच विषयाचे चार प्रश्न घेते.

प्रश्न (लातूर) : ताई, मॉलमध्ये कूपन भरलं होतं. आता फोन आला की गिफ्ट लागलंय, रविवारी नवरा-बायको दोघंही हॉटेलात या, फक्त तासभर ऐकायचं. आमच्या ह्यांना समोरच्याला नाही म्हणायला जमतच नाही. काय करू?

जायचं नसेल तर फोनवरच सांगून टाका की आम्हाला मेंबरशिप घ्यायची नाही, माझा नंबर यादीतून काढा. जायचंच असेल तर घरातून निघायच्या आधी दोघांनी ठरवा की आज सही नाही आणि आज एक रुपया पण द्यायचा नाही, आणि क्रेडिट कार्ड घरीच ठेवा. दोघांना सोबत बोलवतात ते ह्याच्यासाठीच, की "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय राहू नये.

आपल्याकडं नाही म्हणायची पद्धत म्हणजे "बघू की". लातूरपासून नांदेडपर्यंत कुणीही "बघू" म्हणलं की समोरचा समजून जातो की विषय संपला. पण त्या टेबलावर "बघू" म्हणजे अर्धा होकार धरतात. कारण सांगितलं तर अजूनच अडकता, परवडत नाही म्हणलं की ईएमआय काढतात, यंदा वेळ नाही म्हणलं की राहिलेले दिवस पुढच्या वर्षी वापरा म्हणतात, प्रत्येक कारणाला त्यांच्याकडं उत्तर तयार असतं. म्हणून कारण द्यायचंच नाही. "तुम्ही छान समजावून सांगितलं, पण आम्ही घेणार नाही" एवढं बोला, हात जोडा आणि उभे राहा. उभं राहणं लई महत्त्वाचं आहे, बसून राहिलात की मॅनेजर येतोच.

मी नणंदेसोबत जालना रोडवरच्या एका हॉटेलात अशी बसलेली आहे. कंपनीच्या पोरानं कोऱ्या कागदावर चार लाख ऐंशी हजार लिहिलं, मग मॅनेजर आला, त्यानं ते खोडून खाली सव्वातीन लिहिलं, गोल केला आणि म्हणला फक्त आजच्यासाठी. शेजारच्या टेबलावर कुणीतरी घेतलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नणंदबाईचा हात पर्सकडं गेला तो मी बघितलाय. ती काय भोळी नाही, घरचा सगळा हिशोब तीच बघते, पण दोन तास कुणी एवढं गोड बोललं, चहा-नाश्ता दिला की आपल्याला मिंधं झाल्यासारखं वाटतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आम्ही उठलो, आणि मग आठवडाभर त्यांचे फोन येत राहिले, म्हणजे "फक्त आज" ते काही खरं नव्हतं.

आणि हिशोब घरी करून बघा. समजा साडेतीन लाख भरले आणि वर्षाला पंधरा हजार मेंटेनन्स आहे, सात रात्री मिळणार. तेच साडेतीन लाख सात टक्क्यानं एफडीत ठेवले तर वर्षाचे साडेचोवीस हजार व्याज होतं, त्यात मेंटेनन्सचे पंधरा मिळवा, साडेएकोणचाळीस झाले, म्हणजे एक रात्र साडेपाच हजाराच्या वर गेली, जेवण आणि गाडीभाडं वेगळंच. मेंटेनन्स तर तुम्ही गेलात काय आणि नाही गेलात काय, भरावाच लागतो. दरवर्षी न चुकता फिरणारं, महिनोन् महिने आधी बुकिंग करणारं कुटुंब असेल तर त्याला जमू शकतं. पण ज्यांची सुट्टी सोयाबीनच्या काढणीवर आणि लेकरांच्या परीक्षेवर ठरते त्यांना मी घ्या म्हणून सांगणार नाही.

प्रश्न (नांदेड) : सख्खा भाचाच अशा कंपनीत लागलाय. "मामा, नुसतं येऊन बसा, माझं टार्गेट होतंय" म्हणतो. नातं तुटायला नको.

भाच्याला आधीच आणि घरी बोलवून सांगा. "बाळा, तुझ्यासाठी येऊन बसतो, पण घेणार नाही, आणि पाव्हण्यारावळ्यांचे नंबर पण देणार नाही." आधी सांगितलं तर त्याला राग येणार नाही, तिथं त्याच्या साहेबासमोर सांगितलं तर लागेल. त्या पोरांचा पगार टार्गेटवर असतो, त्यांच्यावर आवाज चढवू नका, पण भाच्याची नोकरी टिकवायला आपले तीन लाख घालणं हे मामाचं काम नाही.

प्रश्न (परभणी) : गिफ्ट घेतलं आणि मेंबरशिप नाही घेतली तर ते चुकीचं आहे का?

अजिबात नाही. तुम्ही या म्हणून त्यांनीच ते कबूल केलंय, आणि तुम्ही तुमचा रविवार दिलाय. फक्त व्हाउचरच्या अटी वाचा, कधीकधी रूम फुकट असते पण टॅक्स आणि जेवणाचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : काल भिडेपोटी सही केली, कार्डावरून पंचवीस हजार गेले. मिसेस रात्रभर झोपल्या नाहीत. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण आजचा दिवस घालवू नका. करारात रद्द करण्याची मुदत आणि कॅन्सलेशनचं कलम शोधा, किती दिवस दिलेत आणि किती पैसे कापणार ते तिथंच असतं. मुदत असो नसो, कंपनीला आजच ईमेल करा की अमुक तारखेची मेंबरशिप रद्द करतोय, पैसे परत करा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टानं पण पाठवा. फोनवर बोलू नका, फोनवर परत तेच गोड बोलणं सुरू होईल आणि पुरावा काहीच राहणार नाही. उरलेली रक्कम ईएमआयवर टाकली असेल तर बँकेला पण लेखी कळवा.

दाद दिली नाही तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याच्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस मुंबईत असू दे नाहीतर दिल्लीत, 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही. तोंडी जे जे कबूल केलं होतं ते दोघांनी बसून आत्ताच वहीत लिहून काढा, कोण काय म्हणलं, किती वाजता, महिन्यानं आठवणार नाही. तो आकडे खोडलेला कागद घरी आणला असेल तर तो पण जपून ठेवा. मिसेसना सांगा, पंचवीस हजारावर थांबलंय, पुढचं अजून आपल्या हातात आहे. संध्याकाळपर्यंत ईमेल गेला का ते मला कळवा.